शेठ वालचंद हिराचंद : नाना देशींच्या माणसांचा एक मेळ

कामठ्यापासून जवळच असलेल्या बिरसी गावाच्या शिवारात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने विमानांसाठी धावपट्टी बांधली. भोवताली धानाची बांधी, पळसाची झाडे आणि तळी. आणि त्यामध्ये ही सरळ, सपाट, परक्या हेतूने आखलेली पट्टी. पुढे अनेक वर्षांनी तिच्याच आश्रयाने भारतीय विमानपत्तन प्राधिकरण व कॅनडातील सीएई कंपनी यांच्या संयुक्त उपक्रमातून वैमानिकांना शिक्षण देणारी संस्था उभी राहिली, आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील तरुण कामठा-बिरसीच्या आकाशात उड्डाणाचे धडे गिरवू लागले. ज्या काळात ही धावपट्टी आखली गेली, त्याच काळात दक्षिणेत बंगळूर येथे हिंदुस्थानातील विमानांचा पहिला कारखाना उभा राहत होता. तो उभारण्याचे धाडस सोलापूरच्या एका दिगंबर जैन कुटुंबातील पुरुषाने केले, ही गोष्ट आपल्या समाजात पुष्कळांना ऐकून ठाऊक आहे. त्या कारखान्यात अमेरिकेचा तंत्रज्ञ, म्हैसूरचा मुसलमान दिवाण, मुंबईचे भाटिया व गुजराती भांडवलदार आणि कोल्हापूरकडचा मराठी शास्त्रज्ञ हे सारे कसे एकत्र आले, याची हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही.

अलीकडे व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यालयांत भिन्न देशांच्या व भिन्न संस्कृतींच्या माणसांकडून एकदिलाने काम कसे करून घ्यावे, हा स्वतंत्र विषय म्हणून शिकविला जातो. जागतिकीकरणाने त्याला महत्त्व आले, असे म्हणतात. शेठ वालचंद हिराचंद यांना हा विषय कोणी शिकविला नव्हता. त्यांना तो पारतंत्र्याच्या काळात, गरज म्हणून, आणि पुष्कळदा नुकसान सोसून शिकावा लागला.

वालचंद यांचा जन्म सोलापूर येथे दि. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. दोशी घराणे दशा हुमड. मूळ गुजरातेतले, परंतु व्यवहार, शिक्षण आणि शेजार मराठी मुलुखातला. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे व्यापारी तर होतेच, शिवाय ‘जैन बोधक’ या मराठी नियतकालिकाद्वारे समाजप्रबोधन करणारे विचारी गृहस्थ म्हणून ते महाराष्ट्रातील जैनांना परिचित होते. दोन भाषांत वाढलेल्या मुलाला तिसऱ्या आणि चौथ्या भाषेच्या माणसाचे भय वाटत नाही. कामठा-गोंदियाच्या परिसरात मराठी, हिंदी, पोवारी आणि गुजराती-मारवाडी अशा बोलींच्या गलबल्यात दुकानदारी करणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

महाविद्यालयीन पदवी न घेताच वालचंद घरच्या व्यवसायात शिरले. परंतु कापसाच्या व सराफीच्या पेढीत त्यांचे मन रमेना. लक्ष्मण बळवंत फाटक नावाचे एक गृहस्थ रेल्वेत कारकून होते. बांधकामाच्या ठेक्यांची त्यांना बारीक माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंद यांच्यापाशी भांडवल उभारण्याची पत होती, माहिती नव्हती. ब्राह्मण कारकून आणि जैन व्यापारीपुत्र यांची ‘फाटक-वालचंद’ ही भागीदारी अशी जमली, आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे भागाच्या कामाने तिचा आरंभ झाला. पुढील आयुष्यात वालचंद यांनी जे जे केले, त्याचे बीज या पहिल्या जोडीत दिसते. आपल्याला जे येत नाही ते ज्याला येते, त्याला शोधावे आणि त्याची जातपात, प्रांत न पाहता त्याला शेजारी बसवावे, ही त्यांची रीत.

ठेकेदारीच्या व्यवसायात माणसांची विविधता ही रोजचीच बाब होती. दख्खनमधील मातीकाम आणि दगडकाम वडार, बेलदार यांच्या टोळ्या करीत. प्रत्येक टोळीचा मुकादम असे, आणि मालकाचा संबंध बहुधा त्या मुकादमाशीच येई. पुढे टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीच्या द्वारे वालचंद यांनी भोर घाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे आणि मुंबईला तानसा तलावाचे पाणी आणणाऱ्या नळांचे काम अंगावर घेतले, तेव्हा या टोळ्यांवर इंग्रज अभियंत्यांचा शेरा चालत असे. म्हणजे वर परदेशी तज्ज्ञ, खाली देशी मजूर आणि मध्ये मुकादम. ही तीन मजल्यांची रचना त्या काळी सर्वत्र होती. वालचंद यांच्या पुढील साऱ्या धडपडीचा रोख तिच्या वरच्या मजल्याकडे राहिला, हे ध्यानात ठेवावे लागते.

ही रचना समुद्रावर अधिक स्पष्ट दिसली. दि. २७ मार्च १९१९ रोजी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास आणि वालचंद हिराचंद या चौघांच्या पुढाकाराने सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. एक भाटिया, एक वैष्णव वाणी, एक नागर ब्राह्मण, एक दिगंबर जैन. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज त्यांनी विकत घेतले. हे जहाज १८९१ साली इंग्लंडमधील बॅरो येथे बांधले गेले होते. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने ते कॅनेडियन पॅसिफिक कंपनीच्या सेवेत व्हँकुव्हर ते हाँगकाँग या मार्गावर वर्षानुवर्षे फिरले होते. दि. ५ एप्रिल १९१९ रोजी ते हिंदी मालकीचे जहाज म्हणून मुंबईहून लंडनला निघाले. आज तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाज मात्र जुने होते. व्यापारी दृष्टीने ते लाभाचे ठरले नाही आणि १९२३ साली ते मोडीत निघाले.

त्या काळच्या जहाजावरील मनुष्यबळाचे चित्र थोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे. हिंदी महासागरात फिरणाऱ्या आगबोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी असत. बॉयलरजवळ कोळसा ओढणाऱ्यांत पंजाबी, पठाण आणि सिल्हेटचे बंगाली असत. उतारूंच्या खोल्या व भोजनगृह पाहणारे बहुधा गोव्याचे ख्रिस्ती. प्रत्येक गटाचा सारंग वेगळा, स्वयंपाक वेगळा, सण वेगळा. सारंग आपल्याच गावचे, आपल्याच नात्यागोत्याचे लोक भरती करी. त्यांना आगाऊ रक्कम देई, त्यांचे तंटे मिटवी आणि वरच्या अधिकाऱ्याचा हुकूम त्यांच्या बोलीत उतरवी. अधिकारी मात्र सारे गोरे, आणि हिंदी खलाशाचे वेतन युरोपीय खलाशाच्या वेतनाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाइतके. अशा रीतीने शंभर वर्षे जहाजे चालली, हे खरे. सारंगाच्या हातात विलक्षण कसब होते, हेही खरे. परंतु कोकणातील कितीही हुशार सारंग असला तरी तो कप्तान होणार नाही, हा त्या व्यवस्थेचा न लिहिलेला नियम होता. माणसे विविध होती. पण त्यांना एकमेकांच्या जागी जाण्याची वाट नव्हती.

सिंदिया कंपनीपुढे पेच असा की, मालकी हिंदी असली तरी जहाज चालविण्यास आवश्यक ती प्रमाणपत्रे धारण करणारे हिंदी अधिकारी जवळपास नव्हतेच. म्हणून आरंभी ब्रिटिश अधिकाऱ्यांनाच नोकरीस ठेवणे भाग पडले. ज्या ब्रिटिश कंपन्यांशी दरयुद्ध चालू आहे, त्यांच्याच देशबांधवांच्या हाती आपले जहाज सोपविणे ही विचित्र अवस्था होती. लॉर्ड इंचकेप यांच्या बलाढ्य जहाज कंपन्यांनी भाडी इतकी उतरविली की नव्या कंपनीचे पाय टेकणे कठीण झाले. अखेर १९२३ साली दहा वर्षांचा करार करून सिंदियाने किनारी वाहतुकीत मर्यादित वाटा स्वीकारला. हा करार अपमानास्पद होता, अशी टीका त्या वेळी झाली. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मात्र कंपनी जिवंत राहिली ती त्यामुळेच.

तेव्हापासून हिंदी तरुणांना नौकानयनाचे शिक्षण मिळावे, ही मागणी सिंदियाच्या चालकांनी सातत्याने लावून धरली. सरकारने नेमलेल्या समितीने तिला अनुकूल शिफारस केली आणि १९२७ साली मुंबईच्या बंदरात ‘डफरिन’ हे शिक्षण-जहाज सुरू झाले. निरनिराळ्या प्रांतांतील व धर्मांतील मुले एकाच जहाजावर, एकाच पंगतीत जेवून अधिकारी होण्यासाठी तयार होऊ लागली. शिकलेल्या या मुलांना जागा देण्यास ब्रिटिश कंपन्या फारशा उत्सुक नव्हत्या. सिंदियाची जहाजे त्यांना खुली होती. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे अपघाती निधन झाल्यावर वालचंद अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत त्या पदावर राहिले.

याच काळातील एक प्रकरण विशेष उल्लेखनीय आहे. १९३७ साली सिंदिया कंपनी हजयात्रेच्या वाहतुकीत उतरली. ‘एल मदिना’ आणि ‘एल हिंद’ ही जहाजे त्यासाठी मुद्दाम बांधून घेण्यात आली. तोपर्यंत या मार्गावर मोगल लाइन या ब्रिटिश व्यवस्थेखालील कंपनीचे वर्चस्व होते. पुन्हा दरयुद्ध पेटले आणि यात्रेकरूंचे भाडे पार खाली आले. ज्या कंपनीचा अध्यक्ष जैन, संस्थापकांत भाटिया व नागर, तिने मुसलमान यात्रेकरूंना मक्केच्या वाटेवर जिद्द्यापर्यंत नेण्यासाठी जहाजे बांधावी, याचे आज नवल वाटते. त्यामागे धर्मौदार्य होते की व्यापारी हिशेब, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही एकाच चोपडीत लिहिले गेले होते. परंतु हजच्या जहाजावर पाण्याची, वुजूची, नमाजाची, हलाल अन्नाची आणि स्त्रियांच्या पडद्याची सोय लागते. ज्याला त्या यात्रेकरूच्या गरजा समजल्या नाहीत, त्याची जहाजे रिकामी धावतील. ग्राहकाचा धर्म जाणून घेणे हा या व्यवसायाचाच भाग होता. ‘एल मदिना’ पुढे १९४४ च्या मार्चमध्ये बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने बुडविली.

आता विमानांच्या कारखान्याकडे वळू. १९३९ साली वालचंद मोटारनिर्मितीच्या वाटाघाटींसाठी अमेरिकेत गेले होते. परतताना पॅसिफिक महासागरावरून जाणाऱ्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी पडली. पॉली याने चिनी सरकारच्या सहकार्याने चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना चालविला होता. जपानी आक्रमणामुळे तो कारखाना हँगचौपासून मागे सरकत ब्रह्मदेशाच्या सीमेवरील लोईविंगपर्यंत गेला होता. परक्या देशात, परक्या भाषेच्या कारागिरांकडून, बाँबहल्ल्यांच्या छायेत विमान कसे जोडून घ्यावे, याचा प्रत्यक्ष अनुभव असलेला असा माणूस जगात क्वचितच दुसरा असेल. वालचंद यांनी त्याला प्रश्न विचारला तो विमानांच्या किमतीचा नव्हता; हिंदुस्थानात विमाने तयार करता येतील काय, असा होता.

सरकारने प्रथम नकार दिला. जून १९४० मध्ये फ्रान्स पडले आणि पूर्वेकडील युद्धसाहित्य कोठून मिळवायचे, ही चिंता सरकारला पडली. मग होकार आला. जागेसाठी काही संस्थानांचा विचार झाला. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी तत्परता दाखविली : ७०० एकर जमीन, पाणी व वीज यांची सोय आणि २५ लाख रुपयांचे भागभांडवल. दि. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. बंगळूरच्या दोमलूर रस्त्यावरील ‘इव्हनटाइड’ नावाच्या बंगल्यात कचेरी थाटली गेली. वालचंद यांच्यासमवेत तुळशीदास किलाचंद व धरमसी मुळराज खटाव होते. तांत्रिक बाजू पॉली आणि त्याचे अमेरिकन सहकारी यांच्याकडे होती.

या रचनेत प्रत्येकाचा हेतू वेगळा होता. दिवाणांना संस्थानात कारखाने हवे होते. सरकारला युद्धासाठी विमाने हवी होती, आणि लंडनमधील काही अधिकाऱ्यांना हिंदुस्थानात विमाने बनावीत असे मुळीच वाटत नव्हते. पॉलीला व्यवसाय हवा होता. वालचंद यांना युद्धानंतरही टिकणारा स्वदेशी उद्योग हवा होता. एवढे भिन्न हेतू असलेल्या माणसांना एका कामाला जुंपायचे तर सर्वांचे एकमत होण्याची वाट पाहून चालत नाही. काम कोणते, ते किती दिवसांत व्हायचे आणि कोणी काय करायचे, एवढे ठरले की पुरते. वालचंद यांनी तेच केले. नोंदणीनंतर एका वर्षाच्या आतच, १९४१ मध्ये, हार्लो जातीचे शिकाऊ विमान बंगळूरहून उडाले. जुलै १९४२ मध्ये कर्टिस हॉक हे लढाऊ विमानही. चीनमधील कारखान्यासाठी ठरलेली काही सामग्री बंगळूरकडे वळविण्यात आली होती, म्हणून ही गती शक्य झाली, हेही सांगितले पाहिजे. ही विमाने आराखड्याने अमेरिकन होती. येथे झाली ती त्यांची जोडणी व काही अंशी निर्मिती.

परंतु सारेच आराखडे परके नव्हते. कोल्हापूरकडच्या हसूरचंपू गावी जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे हे या कारखान्याशी आरंभीच्या काळात जोडले गेले. जर्मनीत गॉटिंगेन येथे, आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक मानले जाणारे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळविली होती. म्हणजे जर्मन गुरूचा मराठी शिष्य, अमेरिकन तंत्रज्ञांच्या शेजारी बसून, म्हैसूरच्या भूमीवर, ब्रिटिशांच्या युद्धासाठी ग्लायडरचा आराखडा काढीत होता. आणि ते युद्ध जर्मनीशीच चालले होते.

एप्रिल १९४१ मध्ये भारत सरकारने कंपनीत एक तृतीयांश हिस्सा घेतला. वर्षभरातच, एप्रिल १९४२ मध्ये, सरकारने वालचंद व त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग विकत घेऊन व्यवस्थापन ताब्यात घेतले. म्हैसूरने आपले भाग विकले नाहीत, पण कारभारातील हक्क सोडला. सप्टेंबर १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन सैन्याच्या हवाई दलाकडे गेला आणि तेथे मोठी बाँबफेकी व वाहतुकीची विमाने दुरुस्त होऊ लागली. जो मेळ वालचंद यांनी जमविला, तो दीड वर्षात त्यांच्या हातून गेला. मोबदला मिळाला, परंतु ज्याने रोप लावले त्याला फळाची वाटणी ठरविण्याचा अधिकार उरला नाही. मेळ जमविणाऱ्याचे सामर्थ्य कोठे संपते आणि राजसत्तेचे कोठे सुरू होते, हे या प्रसंगात उघडे पडते. आजच्या व्यवस्थापनाच्या ग्रंथांत या बाजूचा विचार कमीच आढळतो.

समाजाच्या व्यासपीठांवरून वालचंद यांच्या या वृत्तीचे श्रेय सरळ अनेकांतवादाला देण्याची प्रथा आहे. भाषण रंगते, हे मान्य. परंतु ते उतावळे, हट्टी आणि आपल्या म्हणण्यासाठी वर्षानुवर्षे सरकारशी भांडणारे पुरुष होते. प्रतिपक्षाची बाजू शांतपणे ऐकून घेणे हा त्यांचा ठळक गुण होता, असे म्हणवत नाही. त्यांनी केले ते एवढेच की, ज्याच्यापाशी जे ज्ञान आहे ते त्याच्याकडून घेताना स्वतःला कमीपणा मानला नाही, आणि ते घेतल्यावर मालकी मात्र देशी हातांत राहावी यासाठी अडून बसले. त्यांच्या घरात स्याद्वादाचे संस्कार होते. ते कोठे आणि किती उतरले, हे ज्याचे त्याने ठरवावे.

विशाखापट्टणच्या जहाज-कारखान्यात हाच क्रम पुन्हा दिसला. दि. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. सल्लागार अलेक्झांडर गिब ही ब्रिटिश कंपनी, चालक मुंबईचे, गाव तेलुगू. दि. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणवर जपानी बाँब पडले, यंत्रसामग्री मुंबईला हलवावी लागली आणि काम खोळंबले. शेवटी दि. १४ मार्च १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी ‘जल-उषा’ हे ८,००० टनांचे जहाज पाण्यात सोडले. १९५२ मध्ये या कारखान्याची सूत्रेही सरकारकडे गेली आणि तांत्रिक साहाय्यासाठी एका फ्रेंच कंपनीशी करार झाला. मोटारीच्या उद्योगात मात्र त्यांची मालकी टिकली. १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी आणि मग इटलीच्या फियाटशी हात मिळविला. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ती फियाट पुढे मुंबईची टॅक्सी म्हणून साऱ्या देशाने पाहिली.

१९४९ साली वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढील वर्षी त्यांनी व्यवसायातून निवृत्ती घेतली. ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळूरच्या त्याच कारखान्यातून एचटी-२ हे शिकाऊ विमान प्रथम आकाशात गेले. त्याचा आराखडा संपूर्णतः भारतीय होता आणि तो डॉ. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला होता. गुजरातेतील सिद्धपूर येथे दि. ८ एप्रिल १९५३ रोजी शेठ वालचंद यांचे देहावसान झाले, त्या वेळी त्यांनी स्थापन केलेल्या कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाचा आराखडा काढण्यासाठी अमेरिकेहून कोणाला बोलवावे लागत नव्हते.